खेळातले न्यायालय, घरातला निवाडा

सुट्टीत मुलांच्या हाती येणाऱ्या खेळांची पारख करण्याची सवड व्यापारी घरांतल्या वडीलधाऱ्यांना सहसा होत नाही. हळकुंड मोडून त्याचा रंग आणि टणकपणा पाहिल्याशिवाय सौदा न करणारी माणसे मुलांच्या पडद्याकडे मात्र दुरूनच पाहतात आणि "मारामारीचा आहे का?" एवढे विचारून मोकळी होतात. बहुतेक खेळांचा निकाल या एका प्रश्नावर लागतोही. परंतु ज्या खेळात खेळणाऱ्याच्या हाती कधीच शस्त्र येत नाही, आणि तरीही ज्याची प्रकरणे खुनापासूनच सुरू होतात, त्याच्यापुढे हा प्रश्न अपुरा पडतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका जैन कुटुंबात असा खेळ गेल्या मे महिन्यात आला. बारा वर्षांची नात पुण्याला मामाकडे राहून परतली, तेव्हा थोरल्या मामेभावाने आपला जुना निन्टेन्डो स्विच तिला देऊन टाकला होता आणि त्यात 'फिनिक्स राइट: एस अटर्नी ट्रायलॉजी' हा खेळ होता. घरात तीन पिढ्या एकत्र नांदतात. आजोबांना सारे घर आण्णा म्हणते. मुलीचे वडील सकाळी सौद्यांना जातात ते संध्याकाळच्या जेवणालाच घरी येतात. त्यामुळे या खेळाचा निवाडा करण्याचे काम आपोआप सूनबाईंकडे आले. त्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर. दुकानाचे जीएसटीचे काम त्याच पाहतात, आणि पूर्ण वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही न करण्याची त्यांची सवय घरात सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी खेळावर बंदी घातली नाही आणि परवानगीही दिली नाही. "आठ दिवस थांब, आधी मी पाहते," एवढेच त्यांनी मुलीला सांगितले. मुलीने हे आठ दिवस कॅलेंडरवर खुणा करून मोजले.

हा खेळ मूळचा जपानचा. कॅपकॉम या कंपनीने तो ऑक्टोबर २००१ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रासाठी काढला. लेखन आणि दिग्दर्शन शू ताकुमी यांचे. जपानी नाव 'ग्याकुतेन साइबान', म्हणजे ऐन वेळी पारडे फिरवणारा खटला. २००५ मध्ये इंग्रजी आवृत्ती आली आणि तीत नायक असलेला बचाव पक्षाचा तरुण वकील फिनिक्स राइट झाला. मूळ जपानीत त्याचे आडनाव नारुहोदो आहे, आणि 'नारुहोदो' हा त्या भाषेत 'अस्सं होय!' अशा अर्थाचा उद्गार आहे. पहिले तीन भाग एकत्र करून २०१९ मध्ये जो संच स्विचवर आणि संगणकावर आला, त्यात एकूण १४ प्रकरणे आहेत.

याला खेळ म्हणायचे ते सवयीने. प्रत्यक्षात ती चित्रांसह वाचायची एक लांबलचक कादंबरीच आहे, आणि तीही इंग्रजीत. मराठी वा हिंदी आवृत्ती नाही. बोटांची चपळाई येथे काही कामाची नाही. आधी घटनास्थळी फिरून वस्तू गोळा करायच्या, लोकांना भेटायचे, शवविच्छेदनाचा अहवाल मिळवायचा. मग न्यायालयात साक्षीदार आपली हकिकत सांगतो आणि तिची उलटतपासणी खेळणाऱ्याने करायची. प्रत्येक वाक्यावर दोन गोष्टी करता येतात: खोदून विचारता येते, किंवा त्या वाक्याला खोटे पाडणारा पुरावा पुढे ठेवता येतो. पुरावा चुकला तर दंड बसतो, आणि फार वेळा चुकले तर अशील दोषी ठरतो.

पहिले प्रकरण मुळाक्षरे गिरवण्यासारखे सोपे आहे, पण ते पाहिल्यावर या खेळाची जात कळते. एका तरुणावर त्याच्या मैत्रिणीच्या खुनाचा आरोप आहे. वर्तमानपत्रे विकणारा एक साक्षीदार सांगतो की, आपल्याला प्रेत दुपारी एक वाजता दिसले. अहवाल म्हणतो, मृत्यू चार ते पाचच्या दरम्यान. साक्षीदार लगेच सावरून घेतो: वेळ टीव्हीवर ऐकली. पण त्या वेळी इमारतीत वीज नव्हती. मग तो म्हणतो, टीव्ही नव्हे, घड्याळ. आता ते घड्याळ म्हणजे विचारमग्न माणसाचा एक पुतळा आहे, पाहून कोणालाही ते घड्याळ वाटणार नाही. मान वाकवली की ते वेळ बोलून दाखवते. मग बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते घड्याळ आहे हे कळले कसे? आणि ते चुकीची वेळ का सांगत होते? तर मृत तरुणी आदल्याच दिवशी पॅरिसहून परतली होती आणि घड्याळ अजून तिथल्याच वेळेवर चालत होते. पासपोर्टावरचा शिक्का हा शेवटचा पुरावा.

सूनबाईंनी हे प्रकरण रात्री घरातले सगळे निजल्यावर एका बैठकीत संपवले. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला यात परके काही वाटू नये. बिलावरची तारीख एक, ट्रकच्या पावतीवरची दुसरी, आणि माल घेणारा शपथेवर तिसरीच सांगतो, हा प्रसंग दर हंगामात एकदा तरी येतोच. बोलणे ऐकून माणूस खरा की खोटा हे ठरवू नये, कागदाशी ताडून पाहावे, ही सवय ज्या खेळामुळे लागते त्याला मारामारीच्या खेळांच्या पंगतीला बसवणे अन्यायाचे होईल.

वयाच्या शिक्क्याचेही पाहिले. अमेरिकेतील मंडळाने या संचाला 'टी', म्हणजे तेरा वर्षांपासून पुढे, असे ठरवले आहे. युरोपातील 'पेगी'ने बारा. मुलगी बाराची, म्हणजे एका देशात चालते आणि दुसऱ्यात चालत नाही. शिवाय याच मालिकेतील २०१३ च्या 'ड्युअल डेस्टिनीज' या भागाला अमेरिकेत 'एम', म्हणजे सतरा वर्षांपासून पुढे, असा शिक्का आहे. नाव एकच म्हणून सारे भाग सारखेच सोवळे असे नव्हे. पाकिटावरचा हा अंक धान्याच्या पोत्यावरच्या छापासारखा असतो. उपयोग होतो, पण पोते उघडून पाहण्याचे काम त्याने टळत नाही.

पोते उघडल्यावर खडे सापडलेच. खून प्रत्यक्ष घडताना फारसा दिसत नाही, पण प्रकरणाच्या आरंभी स्थिर चित्रांत प्रेत आणि रक्त येते. दुसऱ्या प्रकरणात एका साक्षीदार स्त्रीचे हावभाव मुलांच्या देखत पाहणे अवघड जाते. दुसऱ्या भागातील सरकारी वकील तरुणी हाती चाबूक बाळगते आणि न्यायाधीशांपासून साक्षीदारांपर्यंत कोणावरही ओढते. हे सारे विनोद म्हणून येते, आणि विनोद म्हणून आलेली गोष्ट मुलांच्या मनात लवकर रुजते. तिसऱ्या भागातील चौथे प्रकरण तर फारच जड आहे: साक्ष देता देताच आरोपी विष घेऊन मरतो. आपल्या माणसाचा मृत्यूही यात आहे. फिनिक्सच्या गुरुस्थानी असलेल्या वकीलबाईंचा खून दुसऱ्याच प्रकरणात होतो, आणि आरोप येतो त्यांच्याच धाकट्या बहिणीवर. ही बहीण पुढे मृतात्म्याला आपल्या शरीरात बोलावते. ते ऐकून आण्णा हसले. "जीव असा हाक मारली की परत येत असता तर गतीचा विचार कशाला केला असता?" एवढे बोलून त्यांनी तो विषय सोडला. आजींचा आक्षेप याहून साधा होता. ती मुलगी सदा बर्गर मागते, आणि त्यात काय असते कोण जाणे.

आण्णांचा खरा आक्षेप वेगळा होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यांत 'दुःश्रुती' हा एक आहे: मनात राग, द्वेष, हिंसा चेतवणाऱ्या कथा ऐकणे, वाचणे. "हातात तलवार नाही म्हणून हिंसा नाही, असे कोणी सांगितले? दोन महिने पोरगी रोज खुनाचा विचार करणार. तो विचारच नको," असे ते म्हणाले. सूनबाईंनी वाद घातला नाही. पण आठ दिवसांत त्यांच्या ध्यानात आले होते की या खेळात खुनाचा विचार कमी आणि निरपराध माणूस सुटेल की नाही याची काळजी अधिक आहे. खुनी माणसाच्या युक्तीचे कौतुक तिथे कोणी करीत नाही. त्यांनी आण्णांना एवढेच सांगितले, "एक प्रसंग तुम्ही स्वतः ऐका, मग सांगा."

तो प्रसंग पहिल्या भागाच्या चौथ्या प्रकरणातला आहे. फिनिक्सचा न्यायालयातला कट्टर प्रतिस्पर्धी, सरकारी वकील माइल्स एजवर्थ, स्वतःच खुनाच्या आरोपात सापडतो आणि त्याचे वकीलपत्र फिनिक्स घेतो. का घेतो, तर त्यामागे शाळेतली एक आठवण आहे. दोघे नऊ वर्षांचे, चौथीत. एजवर्थच्या पाकिटातून ३८ डॉलर नाहीसे झाले. त्या तासाला सारा वर्ग खेळाच्या मैदानावर, एकटा फिनिक्स सर्दीमुळे गेला नव्हता. तेवढ्यावरून वर्गाने त्याला चोर ठरवले. मुलांनी वर्गातच खटला भरवला. बाईंनीही सांगितले, माफी माग. रडत रडत तो माफी मागणार, इतक्यात एक मुलगा उठून म्हणाला की, याने घेतले याचा पुरावा कोणाकडे आहे? पुरावा नसेल तर माफी कशाची? असे म्हणणारा मुलगा एजवर्थच होता, म्हणजे ज्याचे पैसे गेले तोच. खरा चोर कोण ते खेळात पुष्कळ पुढे कळते, आणि ते नाव कळल्यावर थोडे हसू येते, थोडे वाईट वाटते.

आण्णांनी हे सारे सूनबाईंच्या तोंडून मराठीत ऐकले. काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मुलीला परवानगी मिळाली, अटींसह: दिवसाउजेडी, आईच्या शेजारी बसून, दिवसाला एक तास, आणि जो मजकूर कळला नाही तो विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही.

मुलीचे इंग्रजी शाळेपुरते. आरंभी दर वाक्याला अडखळत होती. तीन आठवड्यांत 'अलिबाय' आणि 'टेस्टिमनी' हे शब्द जेवणाच्या ताटावर येऊ लागले. एक खोड मात्र सूनबाईंनी लवकर हेरली. पुरावा सुचला नाही की मुलगी एकेक वस्तू आळीपाळीने पुढे करून पाहायची. दंड बसला की मागे साठवलेल्या जागेवरून पुन्हा सुरुवात. त्यावर त्यांनी उपाय केला. वस्तू दाखवण्याआधी कारण वहीत लिहायचे. वही भरत गेली. तिच्यात चुकीची कारणेच अधिक होती, आणि तीच वाचायला गमतीची होती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा उघडण्यापूर्वी, एका संध्याकाळी दुकानात शिल्लक जुळेना. रोजकीर्दीप्रमाणे जेवढी रोकड हवी होती त्यापेक्षा गल्ल्यात साडेतीन हजार रुपये कमी होते. दुकानात जत तालुक्यातून आलेला एकोणीस वर्षांचा एक मुलगा सहा महिन्यांपासून कामाला होता. दुपारी आण्णा जेवायला घरी जातात तेवढा वेळ गल्ल्यापाशी तोच बसे. कोणी काही बोलले नाही, पण सर्वांची नजर एकाच ठिकाणी गेली, आणि ती गेली आहे हे त्या मुलालाही कळले. तो मान खाली घालून पोत्यांपाशी उभा राहिला. शेवटी आण्णा म्हणाले, "घेतले असशील तर सांगून टाक. काही करणार नाही."

नात तिथेच होती. ती उठली, तिने हात पुढे करून आण्णांकडे बोट दाखवले, अगदी पडद्यावरचा वकील दाखवतो तसे, आणि मोठ्याने म्हणाली, "हरकत आहे! त्याने घेतले हे कोणी पाहिले?"

मोठ्या माणसाकडे असे बोट दाखवणे त्या दुकानात कधी घडले नव्हते. हमालसुद्धा थबकले. आण्णांचा चेहरा उतरला. पण प्रश्न बिनतोड होता, आणि विचारणारी थांबली नाही. रोकड शेवटची कधी मोजली? सकाळी. मधे गल्ला कोणी कोणी उघडला? आण्णा, वडील, दिवाणजी आणि तो मुलगा, असे चौघे. दुपारी मोजला होता का? नाही. म्हणजे पैसे कोणत्या वेळी कमी झाले तेच ठाऊक नाही. व्यापारात मुरलेल्या तीन माणसांना जे आधी सुचायला हवे होते ते बारा वर्षांच्या मुलीने विचारले, हे वडिलांनी नंतर घरी कबूल केले.

इथे ही हकिकत संपली असती तर खेळाची शिफारस डोळे मिटून करता आली असती. पण मुलगी पुढे म्हणाली, "मग त्याने नाही घेतले, तर कोणी घेतले?" आणि तिची मान वळली ती दिवाणजींकडे. दिवाणजी तीस वर्षे त्या गादीवर बसतात. मुलीच्या बारशाला त्यांनी चांदीचे वाळे आणले होते. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले. वडिलांनी मुलीला हाताला धरून घरी पाठवले.

सूनबाईंनी तो प्रसंग ऐकला तेव्हा त्यांना बोट दाखवण्यापेक्षा ही दुसरी गोष्ट अधिक खुपली, आणि या खेळाचा खरा दोष कुठे आहे तेही कळले. तो रक्तात नाही, चाबकात नाही, आत्मे बोलावण्यातही नाही. खेळातला खटला तीन दिवसांत संपलाच पाहिजे, आणि अशील सुटायचा असेल तर 'याने केले असे सिद्ध झालेले नाही' एवढे म्हणून बहुधा भागत नाही. मग कोणी केले ते दाखवावे लागते. जवळजवळ प्रत्येक प्रकरणात साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच खरा खुनी उभा असतो. एकावरचे बोट काढायचे तर ते दुसऱ्यावर ठेवलेच पाहिजे, असा हा नियम आहे. खेळ म्हणून तो रंजक आहे, कारण शेवटी सारे धागे जुळतात. दुकानातले धागे असे जुळत नाहीत.

यामागे जपानची सावली आहे असे म्हणता येईल. तिथे खटला उभा राहिलेल्या फौजदारी प्रकरणांत आरोपी दोषी ठरण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक आहे. सरकारी वकील खात्रीची प्रकरणेच न्यायालयात नेतात हे त्याचे एक कारण सांगितले जाते; कबुलीजबाबावर फार भर असतो ही त्यावरची टीका. सामान्य नागरिकांना न्यायाधीशांच्या बरोबरीने बसवण्याची पद्धत तिथे मे २००९ पासून सुरू झाली, म्हणजे हा खेळ निघाल्यानंतर पुष्कळ वर्षांनी. अशा देशात लिहिलेल्या गोष्टीत बचावाचा वकील सतत कड्याच्या टोकावर उभा असावा, यात नवल नाही. आपल्याकडचा कायदा मुलांना निराळा सांगावा लागतो. आरोप सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर, आणि तो पेलला नाही तर संशयाचा फायदा आरोपीला. खरा गुन्हेगार शोधून देणे हे आरोपीचे काम नव्हे. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तरी हे तत्त्व जिथल्या तिथे आहे.

त्या रात्री सूनबाईंनी मुलीला हे कायद्याच्या भाषेत सांगितले नाही. त्यांनी वही मागितली आणि एका कोऱ्या पानावर चौघांची नावे लिहिली. प्रत्येकासमोर मुलीने पुरावा लिहायचा. चारही जागा रिकाम्या राहिल्या. मग त्यांनी खाली आणखी तीन ओळी लिहिल्या: मोड देताना चूक, नोटा चिकटून जास्त गेल्या, उधारीची वसुली दोनदा लिहिली गेली. यांच्यासमोरही काही लिहिता येईना. "मग उत्तर काय?" मुलीने विचारले. "आज उत्तर नाही," आई म्हणाली. मुलगी बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली. उत्तर नसलेले प्रकरण तिला पटेना, आणि ते साहजिकच होते. तिच्या हातातल्या यंत्रात तसे एकही नव्हते. (सप्तभंगीतल्या 'अवक्तव्या'ची येथे कोणाला आठवण होईल, पण साडेतीन हजारांच्या तुटीसाठी तिला ओढून आणणे बरे नव्हे.)

बोट दाखवण्याविषयीही बोलणे झाले. मुलीचे म्हणणे असे की, बोट दाखवल्याशिवाय कोणी ऐकतच नाही. यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. हळू आवाजात विचारले असते तर आण्णांनी "तू घरी जा" म्हटले असते, हे घरातल्या सर्वांना माहीत आहे. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी दिवाणजींकडे गेली. ती काय म्हणाली ते दोघांनीही कोणाला सांगितलेले नाही. दिवाणजींनी तिला यार्डातल्या टपरीवरचे लिंबू सरबत पाजले, एवढे हमालांनी पाहिले.

पैसे सापडले नाहीत. ती रक्कम तूट म्हणून खर्ची पडली, मुलाच्या पगारातून काही कापले नाही, आणि तेव्हापासून गल्ला दिवसातून तीनदा मोजला जातो. तो मुलगा दिवाळीपर्यंत राहिला आणि नंतर इचलकरंजीला एका कापडाच्या पेढीवर लागला. का गेला ते त्याने सांगितले नाही. चांगला पगार मिळाला असेल. त्या संध्याकाळच्या नजराही त्याला आठवत असतील.

खेळ बंद करावा की काय, हा विचार त्या आठवड्यात झाला. बंद करू नका, असे म्हणणारे निघाले ते आण्णा. त्यांचे म्हणणे, पोरीने बोट दाखवले ते वाईट, पण विचारले ते बरोबर. वाईट तेवढे काढा, बरोबर ते राहू द्या. पावसाळ्यात पहिल्या भागाचे पाचवे प्रकरण चालले तेव्हा ते स्वतः शेजारच्या खुर्चीवर येऊन बसू लागले. हे प्रकरण मूळ जपानी खेळात नव्हते, ते नंतरच्या आवृत्तीत घातले गेले. त्यात एक थोरली बहीण आपल्या धाकट्या बहिणीच्या हातून चुकून माणूस मेला असे समजते आणि तिला वाचवण्यासाठी घटनास्थळचा पुरावा बदलते. हेतू प्रेमाचा, पण त्या एका लबाडीमुळे ती एका बड्या पोलीस अधिकाऱ्याच्या मुठीत सापडते, आणि तो बनावट पुरावा ठाऊक नसताना वापरणाऱ्या वकिलाच्या नावालाही बट्टा लागतो. आण्णांनी हे ऐकले आणि लगेच म्हणाले, "ही कूटलेखक्रिया." सत्याणुव्रताच्या अतिचारांतला हा शब्द नातीने पाठशाळेत पाठ केला होता, पण तो कशाला म्हणतात ते तिला तोवर उमगले नव्हते. मग आण्णांनी मागच्या तारखेची पावती, कोऱ्या कागदावरची सही, वजनाची बदललेली चिठ्ठी अशी यार्डातली उदाहरणे एकामागून एक सांगितली, नावे गाळून. त्या दिवशी खेळ पुढे सरकलाच नाही.

आता अन्य घरांनी काय करावे, असे कोणी विचारले तर सूनबाई अगदी मोजके सांगतात. दहाच्या आतल्या मुलाच्या हाती हा खेळ देण्यात अर्थ नाही; त्याला वाचता येणार नाही आणि प्रेताची चित्रे तेवढी लक्षात राहतील. बारा-तेराला चालेल, पण शेजारी बसणारे कोणी असेल तरच, आणि बसणाऱ्याने हातात मोबाइल घेऊन बसू नये. घरात नुकताच कोणाचा मृत्यू झाला असेल तर वर्षभर थांबावे. एक गोष्ट त्या आवर्जून विचारायला सांगतात. प्रकरण संपल्यावर मुलाला विचारावे की, खरा गुन्हेगार सापडलाच नसता तर या अशिलाचे काय व्हायला हवे होते? मुले यावर जी उत्तरे देतात ती ऐकण्यासारखी असतात.

दुसऱ्या भागाची पहिली तीन प्रकरणे दिवाळीच्या सुट्टीत झाली. चाबूकवाल्या बाईंना मुलगी हसली, पण तिने नक्कल केली नाही. चौथे प्रकरण मात्र नववीत जाईपर्यंत बंद ठेवायचे ठरले आहे. त्यात रक्त अधिक आहे असे नाही. या एकाच प्रकरणात खेळ आपला नियम मोडतो: ज्याच्यावर विश्वास ठेवून वकील उभा राहिला तो अशील खरोखरच दोषी निघतो, आणि त्याला सोडवले नाही तर वकिलाच्या ओलीस ठेवलेल्या मैत्रिणीचा जीव जाणार असतो. शेवटी पडदा खेळणाऱ्यालाच विचारतो, दोषी की निर्दोष? मुलीने हट्ट केला, तू तरी सांग तिथे काय निवडायचे. सूनबाईंनी ते प्रकरण दोनदा खेळले आहे, आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळे दिले आहे.